दोष आढळला नाही, पण गाडी सुरू होत नाही

पत्राचा सारांश: पत्रलेखिका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि पाळ्यांमध्ये काम करतात. सव्वादोन वर्षांपूर्वी घरच्यांचा, विशेषतः नवऱ्याचा विरोध असताना त्यांनी स्वतःच्या कमाईतून इलेक्ट्रिक गाडी घेतली. पहिलं दीड वर्ष सुखात गेलं. गेल्या आठ महिन्यांत मात्र रात्री चार्जिंगला लावलेली गाडी आठ-दहा दिवसांतून एकदा मध्येच चार्ज व्हायची थांबते आणि सकाळी बघावं तर ३८ टक्के. दोनदा गाडी उठलीच नाही. स्क्रीन काळी, दारं उघडेनात, शेवटी टोइंग करून न्यावी लागली. डीलरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी तीनदा गेली: आधी ४ दिवस, मग ११, मग १९. तिन्ही जॉब कार्डांवर साधारण एकच वाक्य आहे, ‘सॉफ्टवेअर अपडेट केले, गाडी तपासली, दोष आढळला नाही.’ काउंटरवरचा सर्व्हिस ॲडव्हायझर एकदा म्हणाला, “मॅडम, तुम्ही चार्जिंग गन (चार्जरच्या केबलचं गाडीत बसवायचं टोक) नीट बसवत नसाल,” आणि नंतर, “पुढच्या वेळी सरांनाच पाठवा ना.” नवरा म्हणतो विकून टाक. भाऊ म्हणतो व्हिडिओ काढून टाक, मग बघ कसे पळत येतात. एक सहकारी म्हणते, बाहेरच्या एका गॅरेजवाल्याला इलेक्ट्रिक गाड्या उघडता येतात, त्याला दाखव. त्यांचा प्रश्न: ‘यातलं काय करू? आणि हे लोक मला मुद्दाम फसवतायत का?’

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी आणि दुसऱ्यांदा तुमच्यासाठी. गाडीपासून सुरुवात करते.

‘मुद्दाम फसवतायत का’ याचं माझं उत्तर ‘बहुधा नाही’ असं आहे. ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, कारण फसवणूक असती तर निदान कुणावर रागवायचं ते कळलं असतं. तुमच्या पत्रात जे दिसतं ते त्याहून कंटाळवाणं आहे. तुम्ही काउंटरवर सगळं सांगता: रात्री किती वाजता लावली, सकाळी किती टक्के होते, दार कसं उघडलं नाही. ॲडव्हायझर त्यातलं जॉब कार्डवर लिहितो, ‘चार्जिंग इश्यू’. आत काम करणाऱ्याच्या हातात तेवढे दोन शब्द पोचतात. तो गाडीला स्कॅनर लावतो, गन लावतो, गाडी चार्ज होते. कारण दहा दिवसांतले नऊ दिवस ती होतेच. मग तो खरं तेच लिहितो: दोष आढळला नाही. त्याला तो आढळला नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. लहानपणीच्या कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलाने चुकीचं वाक्य सांगितलं, तर त्याला खोटारडा म्हणत नाहीत.

यात पैशाचाही एक भाग आहे आणि तो ग्राहकाला सहसा कुणी सांगत नाही. डीलर आणि कंपनी हे दोन वेगळे धंदे असतात. वॉरंटीत केलेल्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात, तेही बहुतेक वेळा अमुक कामाला अमुक तास अशा ठरलेल्या हिशोबाने. पार्ट बदलला की त्याचे तास मिळतात. ‘तीन रात्री गाडीजवळ बसून ती कधी थांबते ते पाहिलं’ याचे तास मिळवणं अवघड असतं. कधी येणारा, कधी न येणारा दोष शोधणं म्हणजे वर्कशॉपसाठी जवळजवळ फुकटचं काम. मग सगळ्यात सोपं ते होतं: सॉफ्टवेअर अपडेट. अपडेटच्या वेळी फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणा, सहसा पुसले जातात, सगळी यंत्रणा नव्याने सुरू होते, गाडी चार-आठ दिवस शहाण्यासारखी वागते आणि तुम्ही बिल नसलेली पावती घेऊन घरी येता.

हे समजून घेऊन त्यांना माफ करा असं मी म्हणत नाही. ३४ दिवस गाडी ठेवून घेऊन हाती काही न देणं ही वाईट सेवाच आहे. पण समोरचा लबाड आहे असं धरलं तर आपण भांडायला जातो, आणि समोरच्याला दोष दिसत नाहीये असं धरलं तर तो दाखवायला जातो. चौथ्या फेरीत मला तुमच्याकडून हे दुसरं हवं आहे.

त्याआधी गाडीच्या पोटात काय असतं ते थोडं बघू. पत्रावरून मी निदान करत नाही आणि कुणी केलं तर विश्वास ठेवू नका. पण कोणते प्रश्न विचारायचे ते सांगू शकते.

तुम्ही लिहिलंय, ‘एवढी मोठी बॅटरी असून गाडी मेल्यासारखी कशी होते?’ बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटऱ्या दोन असतात. खाली पसरलेली मोठी बॅटरी चाकं फिरवते. तिच्याशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. दाराची लॉकं, स्क्रीन आणि सगळे छोटे संगणक तिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीला बाकीच्या गाडीशी जोडणारे स्विच जोडायलाही तीच लागते. गाडी उभी असताना हे स्विच सुटलेले असतात, म्हणजे मोठी बॅटरी गाडीपासून तुटलेली असते. छोटी बॅटरी झोपली तर मोठीत ९० टक्के असूनही उपयोग शून्य. कोठार भरलेलं, पण कुलूप उघडणारी किल्लीच हरवलेली. काळी स्क्रीन आणि न उघडणारी दारं या वर्णनावरून पहिला संशय तिथेच जातो. ही बॅटरी स्वतःच थकली असेल. तिला मोठ्या बॅटरीतून वीज पुरवणारा कन्व्हर्टर नीट चालत नसेल. किंवा गाडी उभी असताना एखादा संगणक झोपतच नसेल आणि रात्रभर वीज पीत बसत असेल. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तपासायच्या पद्धतीही वेगळ्या. नुसती छोटी बॅटरी बदलून दिली आणि खरं कारण तिसरं असलं, तर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही पुन्हा टोइंगवाल्याची वाट बघत उभ्या.

मध्येच चार्जिंग थांबण्याचं कारणही तेच असू शकेल. नसेलही. घरच्या संथ चार्जरवर एसी वीज गाडीत येते आणि गाडीतला ऑनबोर्ड चार्जर तिची डीसी करतो. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर डीसी वीज थेट बॅटरीकडे जाते, ऑनबोर्ड चार्जर त्यात येतच नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न हा आहे, आणि पत्रात तो निसटलाय: फास्ट चार्जरवर गाडी कधी थांबली आहे का? तिथे एकदाही थांबली नसेल आणि फक्त घरीच थांबत असेल, तर संशयाचं वर्तुळ लहान होतं: ऑनबोर्ड चार्जर, केबल आणि गन, किंवा तुमच्या घरचं वायरिंग आणि अर्थिंग. मग तीन-चार वेळा दुसरीकडच्या संथ चार्जरवर लावून बघा. तिथेही थांबली तर घर सुटलं. तिथे कधीच थांबली नाही, तर सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की काहीच कळत नाही. हे तुम्हाला मी काय सांगणार, रुग्णाची दोन औषधं एकाच दिवशी बदलली तर गुण कशाचा आणि रिॲक्शन कशाची हे ओळखता येत नाही, हे तुम्ही रोज बघता.

आणि हो, त्या ‘गन नीट बसवत नसाल’चा निकाल इथेच लावू. गन आणि गाडी यांच्यात एका बारीक पिनेवरून सतत सिग्नल चालू असतो. संपर्क सैल झाला की गाडी चार्जिंग तोडते. म्हणजे त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अगदीच हवेतलं नाही. पण दीड वर्ष जी बाई तीच गन त्याच हातांनी नीट बसवत होती, ती अचानक विसरेल कशी? सॉकेट किंवा गनची पिन झिजली असू शकते, आणि तसं असेल तर ते तपासून लिहून देणं त्याचं काम आहे. ‘सरांना पाठवा’ याला तर तांत्रिक बाजूही नाही. तिथे तुम्हाला जो अपमान वाटला तो खराच होता, तो मनाचा खेळ समजू नका.

आता चौथी फेरी. आज रात्रीपासून गाडीचा तक्ता ठेवायला लागा, वॉर्डात ठेवता तसाच. लावली किती वाजता, किती टक्के, कुठल्या चार्जरवर, थांबली असेल तर किती टक्क्यांवर. गाडीच्या किंवा चार्जरच्या ॲपमध्ये वेळा नोंदलेल्या असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट. डॅशबोर्डवर संदेश आला तर किलोमीटरच्या आकड्यासकट फोटो. चार्जरवरच्या दिव्याचा रंगही. दोन-तीन आठवड्यांत तुमच्याकडे दोन-तीन घटना जमतील आणि कदाचित एखादा धागाही दिसेल. फक्त पावसाच्या रात्री होतं का? गाडी दोन दिवस उभी राहिल्यावरच होतं का? तुमच्या सुट्टीनंतरच गाडी मेली असेल, तर उभ्या गाडीत वीज कोण खातंय हा प्रश्न पुढे सरकतो.

गाडी तिसऱ्यांदा मेली, तर टोइंगवाल्याने जम्प देण्याआधी, म्हणजे बाहेरच्या बॅटरीने गाडी जागी करण्याआधी, त्याच्याकडून छोट्या बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्या आणि मीटरचा फोटो काढा. त्यांच्याजवळ बहुधा मीटर असतो. लेड-ॲसिड प्रकारची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. काही गाड्यांत ही छोटी बॅटरीही लिथियमची असते, तिचे आकडे वेगळे, म्हणून अर्थ लावायचं काम वर्कशॉपवर सोडा. एकदा जम्प दिला की तो पुरावा गेला. गाडी वर्कशॉपला पोचते तेव्हा टुणटुणीत असते आणि पुन्हा तेच वाक्य.

रात्रपाळीवरून निघणाऱ्या बाईची गाडी उघडत नाही, ही गोष्ट मला चार्जिंगपेक्षाही जास्त खुपली. पुष्कळ गाड्यांच्या रिमोटमध्ये एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते आणि दाराला तिच्यासाठी भोक असतं, कधी झाकणाखाली. अडकलेली गन हाताने सोडवायची सोयही अनेक गाड्यांत असते. मॅन्युअलमध्ये दोन्ही शोधा आणि दिवसा, निवांतपणे एकदा करून बघा.

तक्ता जमला की एका कागदावर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून न्या. असं काहीसं:

‘मागील ८ महिन्यांत घरी एसी चार्जिंग अनेकदा आपोआप थांबले, तारखा सोबत जोडल्या आहेत. दोन वेळा गाडी पूर्ण बंद पडून टोइंग करावी लागली. याच तक्रारीसाठी गाडी यापूर्वी तीनदा, एकूण ३४ दिवस आपल्याकडे होती, जॉब कार्ड क्रमांक सोबत. कृपया १२ व्होल्ट बॅटरीची लोड टेस्ट, कन्व्हर्टरचे आउटपुट आणि गाडी झोपलेली असताना वाहणारा करंट मोजून आकडे लिहून द्यावेत. चार्जिंग सॉकेटच्या पिना तपासाव्यात. फॉल्ट कोड पुसण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत द्यावी. कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे केस नोंदवून तिचा क्रमांक द्यावा.’

हा कागद जॉब कार्डला टाचून घ्या, तुमच्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या. जॉब कार्डवर ‘चार्जिंग इश्यू’ लिहिलेलं दिसलं तर सही करू नका. ‘हीच तक्रार चौथ्यांदा’ हे शब्द तिथे यायला हवेत. कोड पुसण्याआधीची प्रत मागते आहे कारण अनेक कोडांसोबत तो नोंदला गेला त्या क्षणाची माहिती साठवलेली असते. अपडेटच्या घाईत नेमकी तीच उडते. शेवटची ओळ सगळ्यात कामाची. काउंटरवरच्या मुलाच्या हातात फारसं काही नसतं, पण कंपनीत केस उघडली की वर्कशॉपला त्या दोषावर वेळ घालवायची परवानगी मिळू शकते, कधी कंपनीचा माणूस स्वतः येतो. वर्कशॉपलाही ते हवंच असतं, मागायचं कुणी एवढाच प्रश्न असतो. तीच माहिती त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने पाठवा.

आणि गाडी आधीच सोडून येऊ नका. १९ दिवस गाडी तिथे होती म्हणजे १९ दिवस कुणी तिच्यावर काम करत होतं असं नाही. डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वरचा दाब धोक्याचा मानला जातो, आणि या गाड्यांची मोठी बॅटरी साधारण ४०० व्होल्टची, काहींत ८०० व्होल्टची असते. तिची वीज वाहून नेणाऱ्या जाड नारिंगी केबलींना हात लावायची परवानगी फक्त खास प्रशिक्षण घेतलेल्यांना असते. पुष्कळ वर्कशॉपांत असा माणूस एखाद-दुसराच. तो रजेवर गेला की तुमची गाडी नुसतीच उभी. म्हणून आधी फोन करून विचारा, ‘हाय व्होल्टेजचं काम करणारे टेक्निशियन कोणत्या दिवशी आहेत? मी त्या दिवशी आणते.’ पार्ट मागवायचा असेल तर तो येऊ द्या, मग गाडी द्या. तोवर गाडी चालण्यासारखी असेल तर तुमच्याकडेच राहू दे. गाडी दिली की पाच मिनिटं त्या टेक्निशियनशीच बोलू द्या म्हणा. नाही म्हणतील. पुन्हा म्हणा.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले. गॅरेजवाल्याने छोटी बॅटरी तपासून आकडे कागदावर दिले तर बिनधास्त घ्या, ते तुमच्या तक्त्यात जातील. पण वॉरंटी चालू असताना नारिंगी केबलीच्या पलीकडचं काही त्याला उघडू देऊ नका. त्याचा हात कितीही चांगला असला तरी ‘बाहेर उघडली होती’ हे कारण कंपनीच्या हातात आयतं पडतं. भावाचा व्हिडिओ मला आत्ता नको. तो एकदा गेला की समोरचे दोष शोधायचं सोडून स्वतःला वाचवायला लागतात, आणि मग तुमच्याशी जो बोलतो त्याला वर्कशॉपमधलं काही माहीत नसतं. चौथ्या फेरीनंतरही हात रिकामे राहिले, तर आधी कंपनीला लेखी मागणी: संबंधित भाग बदलून द्या, गाडी बंद होती तेवढे दिवस वॉरंटी वाढवा, दुरुस्तीच्या काळात पर्यायी गाडी द्या. त्यानंतर ग्राहक तक्रारीचा कायदेशीर मार्ग. काही देशांत सदोष गाड्यांसाठी वेगळे कायदेच आहेत, आणि त्यांत दुरुस्तीचे प्रयत्न किती झाले आणि गाडी किती दिवस पडून होती हे मोजतात. तुमच्याकडे तसा कायदा असो वा नसो, तुमचे तीन आणि ३४ हे आकडे कुठल्याही टेबलावर बोलतील. व्हिडिओ त्याच्याही नंतर, आणि त्यात फक्त तारखा.

वॉरंटीचं पुस्तकही आजच काढा. मोठ्या बॅटरीची वॉरंटी सहसा वेगळी आणि लांब असते, ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर हा नेहमी दिसणारा आकडा. बाकीच्या गाडीची त्याहून कमी आणि छोट्या बॅटरीची बहुधा सगळ्यात कमी. तुमचा संशय ज्या भागांवर आहे ते या ‘बाकीच्या गाडी’त असू शकतात. गाडीला सव्वादोन वर्षं झालीत, म्हणजे वेळ आहे पण खूप नाही. तक्रार मुदतीच्या आत लेखी नोंदलेली असणं महत्त्वाचं.

राहिला विकण्याचा प्रश्न. न सापडलेला दोष घेऊन गाडी विकायची म्हणजे एक तर घेणाऱ्याला सगळं सांगायचं आणि मिळेल ती किंमत घ्यायची, नाहीतर तुमचा ताप दुसऱ्या कुणाच्या रात्रपाळीवर ढकलायचा. तुम्ही दुसरं करणार नाही, हे पत्रावरून दिसतं. कारण कळल्यावर विकावीशी वाटली तर जरूर विका. तुमचे पती म्हणतात की मोठी बॅटरीच गेली असणार. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत तसं काही ठळक दिसत नाही. बॅटरी उतरते ती सहसा हळूहळू, आणि ते एका चार्जमध्ये कमी होत जाणाऱ्या अंतरात दिसतं. तुमचं अंतर पहिल्याइतकंच आहे असं तुम्हीच लिहिलंय. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये या बॅटऱ्यांच्या टिकाऊपणाचा जागतिक नियम ठरला. त्याची किमान अपेक्षा ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजारांपर्यंत ७० टक्के क्षमता उरावी, अशी आहे. सव्वादोन वर्षांत बॅटरी संपते हे गृहीत धरायला कारण नाही.

पण एक गोष्ट विचारू? पत्रात ‘तो म्हणालाच होता’ हे वाक्य तीनदा आलंय, आणि गाडी विकायची नाही याचं कारण म्हणून मला तेच दिसलं. पेट्रोलची गाडी तीनदा बंद पडली असती, तर ही गाडी वाईट निघाली किंवा हे सर्व्हिस सेंटर वाईट आहे असं घरात सगळे म्हणाले असते. पेट्रोलच वाईट असं कुणी म्हणालं नसतं. हे त्यांनाही सांगा. पण ती बाजू उलटीही लागू पडते. उद्या ही गाडी खरंच सदोष निघाली आणि तुम्ही ती सोडली, तर तुमचा निर्णय चुकला असं होत नाही, एक गाडी खराब निघाली एवढंच होतं. सध्या तुम्ही गाडीची बाजू लढताय की सव्वादोन वर्षांपूर्वी घरच्यांनी विरोध केला त्या संध्याकाळची, हे एकदा शांतपणे बघा. कारण गाडीची लढाई कागदावर जिंकता येते, त्या संध्याकाळची नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, पुढच्या वेळी नवऱ्याला सोबत नेऊ का. टोइंग झालं तर घरी यायला कुणी असावं म्हणून जरूर न्या. कागद तुमच्या हातात, खुर्ची तुमची, बोलणं तुमचं. ॲडव्हायझर त्यांच्याकडे बघून बोलायला लागला, तर त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं, “गाडी त्यांची आहे, त्यांनाच विचारा.” हे वाक्य त्यांच्याकडून आधी घरी म्हणवून घ्या.